एमआरआय नॉर्मल, मग यांना झालंय तरी काय?

पत्र (थोडक्यात): माझे पती एसटीत ड्रायव्हर आहेत. एकवीस वर्षांच्या नोकरीत एकही अपघात नाही. गेल्या श्रावणात घाटातल्या वळणावर समोरून आलेली मोटारसायकल त्यांच्या गाडीखाली आली आणि पंचविशीचा मुलगा जागीच गेला. खात्याच्या चौकशीत यांची चूक निघाली नाही, कोर्टात केस चालू आहे. आता आठ महिने झाले. रात्री दोन-तीनच्या सुमाराला ओरडत उठतात. रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक मारला की हातातला कप सुटतो. घाटाचा विषय निघाला की उठून जातात. मुलानं मोटारसायकल घ्यायचं म्हटलं तर त्याच्या अंगावर धावून गेले. आम्ही घरात सगळं जपून करतो: टीव्हीवर बातम्या लावत नाही, रस्त्याकडची खिडकी बंद ठेवतो, पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवतो. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती सहा महिने चालू आहे. वर रात्री थोडी घेतातही. एमआरआय नॉर्मल आला. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. मेंदूला इजा झाली असेल का? हे वेडाकडे जाणं आहे का? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का? मी नेमकं काय करू? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर:

ताई, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी. हे वेड नाही. एमआरआयमध्ये दिसावी अशी इजाही नाही. आणि गोळ्या लागल्याच तरी बहुतेकांना त्या जन्मभर घ्याव्या लागत नाहीत. निदान समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचं, पण तुम्ही लिहिलेली लक्षणं पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, याच्याशी बरीच जुळतात. प्रसंग पुन्हापुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, सतत सावध आणि चिडखोर राहणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडणं, असे त्याचे चार धागे. अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे यातलं बरंच काही कुणालाही होतं आणि बहुतेकांचं ते उपचारांशिवाय ओसरतं. एक महिन्याच्या पुढे ते टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर पीटीएसडीचा विचार करतात. तुमच्याकडे आठ महिने झालेत. आता नुसती वाट पाहण्यात अर्थ नाही.

एमआरआय नॉर्मल का आला? कारण ती तपासणी मेंदूची रचना दाखवते: रक्तस्राव, गाठ, सूज. इथे बिघाड रचनेत नाही, कामकाजात आहे. कानाच्या पातळीला, मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका हेरणं आणि शरीराला क्षणात तयार करणं हे त्याचं काम. विचार करणारा मेंदू ‘हा कुठल्यातरी स्कूटरचा ब्रेक आहे’ असं म्हणेपर्यंत अमिग्डालानं हृदयाचे ठोके वाढवलेले असतात, स्नायू आवळलेले असतात. कप सुटतो तो याच फरकात. ‘एवढं काय दचकायचं’ असं त्यांना म्हणून उपयोग नाही, कारण दचकणं होऊन गेल्यावरच त्यांना ते कळतं.

शेजारीच हिप्पोकॅम्पस असतो. कोणती गोष्ट कुठे, कधी, कशानंतर घडली याची नोंद तो ठेवतो. जिवावरच्या प्रसंगात नॉरॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल या ताणाच्या रसायनांचा लोट येतो, तेव्हा आवाज, वास, धडक असे तुकडे खोल कोरले जातात, पण त्यांना स्थळकाळाची चौकट नीट बसत नाही. फाइलमध्ये कागद आहे पण तारखेचा शिक्काच नाही, अशी अवस्था. म्हणून ती आठवण ‘गेल्या श्रावणात झालं’ अशी येत नाही, ‘आत्ता होतंय’ अशी येते. त्याच कारणानं अपघाताचे काही क्षण लख्ख आठवतात आणि काहींचा पत्ताच नसतो. कोर्टात याचा त्रास होऊ शकतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

तिसरा भाग कपाळामागचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. ‘थांब, इथे धोका नाही’ असं अमिग्डालाला सांगून आवरणं हे त्याचं काम. पीटीएसडीत हा आवर सैल पडतो आणि झोप मोडलेली असली की आणखी सैल. मुलाच्या अंगावर धावून जाणं यातूनच येतं. पण ‘मेंदूच तसा झालाय’ म्हणून ते माफ करायला हवं असा याचा अर्थ नाही. मुलाशी त्यांनी शांतपणे बोलायलाच हवं.

पीटीएसडी असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीनं थोडा लहान आढळतो, हे तुमच्या वाचनात आलं असेल. ते खरं आहे, पण शेकडो माणसांच्या सरासरीत. जुळ्या भावांवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात युद्धावर न गेलेल्या भावाचाही तो लहान आढळला, म्हणजे काही अंशी हा फरक आधीपासूनचाच असतो. एका माणसाचं स्कॅन बघून पीटीएसडी आहे की नाही हे सांगता येत नाही. ‘ब्रेन मॅपिंग’चं पॅकेज कुणी गळ्यात मारायला आलं तर ते पैसे उपचारांसाठी ठेवा. एक शंका मात्र डॉक्टरांकडून फेडून घ्या. अपघातात त्यांचं डोकं आपटलं होतं का? डोक्याला सौम्य मार बसला तरी चिडचिड, विसराळूपणा, झोपमोड होते आणि तेव्हा एमआरआय नॉर्मल असू शकतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आणि तो तुम्हाला थोडा लागेल. खिडकी बंद, बातम्या बंद, पाहुण्यांना सूचना, हे तुम्ही मायेनं केलंत. पण पीटीएसडी महिनोन् महिने टिकवून ठेवण्यात अशा टाळण्याचाच वाटा मोठा असतो. अमिग्डाला समजावून ऐकत नाही, अनुभवानं शिकते. ब्रेकचा आवाज आला, ते तिथेच बसून राहिले, काही झालं नाही, असं पुष्कळदा घडलं की ‘ब्रेक म्हणजे मृत्यू’ या जुन्या धड्यावर ‘ब्रेक म्हणजे नुसता ब्रेक’ हा नवा धडा चढतो. जुना पुसला जात नाही, नवा त्याला दाबून ठेवतो. खिडकी बंद असली तर हा नवा धडा गिरवायची संधीच मिळत नाही. शिवाय उठून गेल्यावर लगेच जो हलकेपणा वाटतो, त्यातून मेंदू उलटंच शिकतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळायला लावतो. टाळायच्या गोष्टींची यादी अशीच वाढत जाते. आधी घाट, मग बातम्या, मग मुलाची मोटारसायकल. तुमच्या पत्रात नेमकं हेच दिसतं.

म्हणून उद्या सगळ्या खिडक्या उघडा आणि त्यांना घाटात नेऊन सोडा, असं नाही. ‘एकदा गाडीवर बसला की भीती जाते’ हा सल्ला देणारे तुम्हाला डझनभर भेटतील. भीती शिगेला पोचली असताना माणूस उडी मारून उतरला तर धडा आणखी पक्का होतो. काम पायरी-पायरीनंच करायचं. त्यांच्यासोबत बसून यादी लिहा, ज्यानं सगळ्यात कमी भीती वाटते ते खाली, सगळ्यात जास्त वाटते ते वर. प्रत्येकाला ० ते १०० पैकी भीतीचे गुण त्यांनीच द्यायचे. ड्रायव्हर माणसाची यादी साधारण अशी होईल: रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून बसणं, अंगणात उभी मोटारसायकल सुरू ठेवून शेजारी थांबणं, स्टँडवरच्या बाकावर बसणं, डेपोत उभ्या असलेल्या गाडीत प्रवाशाच्या सीटवर बसणं, मग ड्रायव्हरच्या सीटवर, सपाट रस्त्यावर प्रवासी म्हणून दोन थांबे जाणं, घाटाच्या पायथ्यापर्यंत जाणं, प्रवासी म्हणून घाट चढणं. सुरुवात ३०-४० गुणांच्या पायरीपासून करा. तिथे ३० ते ४५ मिनिटं थांबायचं, किंवा भीती निम्म्यावर येईपर्यंत. रोज, निदान आठवड्यातून चार-पाच दिवस. तीच पायरी कंटाळवाणी वाटू लागली की पुढची. खालच्या दोन-तीन पायऱ्या घरच्या घरी सुरू करता येतात, वरच्या मात्र थेरपिस्टच्या सल्ल्यानंच.

यात नेहमी बिनसतं ते एका ठिकाणी. माणूस स्टँडवर बसतो खरा, पण डोळे मिटून, मोबाइलमध्ये तोंड घालून, नाहीतर मनात जप करत. देहानं तिथे, मनानं पळालेला. मग मेंदू म्हणतो, ‘जप केला म्हणून वाचलो.’ डोळे उघडे, मान वर, आवाज कानावर पडू द्यायचे. जप घरी आल्यावर भरपूर करू देत.

दारू आणि झोपेची गोळी हे टाळण्याचेच दोन प्रकार आहेत आणि एकत्र आले तर धोक्याचे. दारूनं झोप पटकन लागते, पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबली जाते आणि उतरू लागली की ती उसळून येते. दोन-तीनला ओरडत उठण्यात याचाही वाटा असू शकतो. झोपेसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम या गटातली गोळी असेल (पाकिटावरचं नाव बघा), तर पीटीएसडीत ती लांबवर देऊ नये असंच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मूळ आजार तिनं बरा होत नाही आणि सवय लागते. क्लोनाझेपामचा अंमल दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो, ड्रायव्हरला हे परवडणारं नाही. दारू आणि ही गोळी पोटात एकत्र गेली तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. पण ताई, हे वाचून आज रात्री गोळी एकदम बंद करू नका. सहा महिने घेतलेली गोळी अचानक थांबवली तर झटके (फिट) येऊ शकतात. ती कित्येक आठवडे घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडीथोडी कमी करतात. दारू रोज आणि बरीच होत असेल तर तीही डॉक्टरांना सांगूनच सोडायची. ‘थोडी’ म्हणजे किती, हे त्यांना न लपवता सांगा.

आता उपचारांविषयी. पीटीएसडीवर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो आघातावर थेट काम करणाऱ्या थेरपीचा. तीन नावं लक्षात ठेवा. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये थेरपिस्टसमोर प्रसंग सविस्तर, वर्तमानकाळात पुन्हापुन्हा सांगायचा असतो आणि वर लिहिलेल्या पायऱ्या चढायच्या असतात. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी दीड तासापर्यंत. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत, म्हणजे सीपीटीत, प्रसंगाभोवती अडकलेल्या समजुती तपासतात. साधारण १२ बैठका. ईएमडीआरमध्ये प्रसंग मनात धरून डोळ्यांच्या हालचाली करवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती पद्धत मांडली. ती डोळ्यांमुळे चालते की प्रसंगाला सामोरं गेल्यामुळे, यावर तज्ज्ञांचा वाद आहे, पण उपयोग होतो यावर फारसा नाही.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत सीपीटी विशेष कामाची ठरेल असं वाटतं, कारण निर्दोष ठरलेल्या माणसाला सहसा भीतीपेक्षा ‘मी थोडा आधी ब्रेक दाबला असता तर’ हे जास्त छळतं. या वाक्यावर ‘तुमची काही चूक नव्हती हो’ असं शंभरदा म्हटलं तरी ते खाली उतरत नाही. थेरपीत त्यांनाच हिशोब मांडायला लावतात. समजा गाडी ताशी ४० किलोमीटरनं होती आणि मोटारसायकल ५०नं. दोघांतलं अंतर सेकंदाला २५ मीटरनं कमी होत होतं. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आत साडेसदतीस मीटर संपले. त्या वळणावर समोरचं किती मीटरवरून दिसतं? एकवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस हे उत्तर स्वतः देऊ शकतो आणि ते त्याच्याच तोंडून यावं लागतं. त्या मुलाच्या मरणाचं दुःख त्यानंतरही राहील. ते राहायलाच हवं, तो आजार नाही.

कुणाकडे जायचं? जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली. तिथून सुरुवात करा. गोळ्या लिहिणारा तो मानसोपचारतज्ज्ञ. थेरपीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीवर विसंबू नका. पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा. पीटीएसडीसाठी तुम्ही नेमकी कोणती पद्धत वापरता? साधारण किती बैठका? आणि सुधारणा कशावरून मोजता? उत्तरं मोघम आली तर दुसरीकडे चौकशी करा. तालुक्याच्या ठिकाणी कुणी मिळालं नाही तर व्हिडिओ कॉलवर याच थेरपी चांगल्या चालतात. घरात बंद होणारी एक खोली आणि टिकणारं नेटवर्क एवढं हवं. तोवर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

औषधांचं थोडक्यात. पीटीएसडीवर सरट्रालीन, पॅरॉक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सिन यांपैकी काही देतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळ्या फेकून देतात. हे आधीपासून माहीत असलं तर पंधरा दिवस निभावतात. शरीरसंबंधात अडचण येऊ शकते, ती डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, औषध बदलता येतं. बरं वाटू लागल्यावरही सहसा वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात.

रात्रीसाठी. ते ओरडून उठतात तेव्हा खांदा धरून हलवू नका. त्या क्षणी तुमचा हात त्यांना तुमचा वाटत नाही आणि ते झटका देतील, तुम्हालाच लागेल. अंथरुणाच्या पायगतीला, थोडं लांब उभं राहून दिवा लावा आणि नेहमीच्या आवाजात सांगा: ‘अहो, तुम्ही घरी आहात. आज मंगळवार आहे. मी इथे आहे. पाय फरशीवर टेका.’ वार खरा सांगा, तोच महत्त्वाचा आहे. मग गार पाण्यानं तोंड धुवायला सांगा आणि श्वास चार आकडे घेऊन सहा आकडे सोडायला, पाच मिनिटं. श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची घाबरगुंडी वाढते. तसं झालं तर श्वासाचा हा व्यायाम सोडून द्या, तळपाय फरशीवर दाबणं पुरे. ‘काय दिसलं स्वप्नात?’ हे रात्री विचारू नका. तेच स्वप्न पुन्हापुन्हा पडत असेल तर दिवसा त्यांनी ते कागदावर लिहावं, शेवट हवा तसा बदलावा आणि बदललेलं स्वप्न रोज १० ते २० मिनिटं डोळ्यांसमोर आणावं. साधं वाटतं, पण कित्येकांची भयस्वप्नं यानं कमी होतात.

कुणी दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवा म्हणेल. सध्या नको. डोळे मिटून तासन् तास बसल्यावर तोच प्रसंग उसळून येऊ शकतो आणि तिथे तो हाताळणारं कुणी असेलच असं नाही. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना अंगारा लावायचा असेल तर लावू देत. उपास घडवणं, मारझोड, औषध बंद करणं यातलं काही मात्र चालू द्यायचं नाही.

‘मी जगून काय उपयोग’, ‘त्या मुलाऐवजी मी जायला हवं होतं’ असं बोलणं, उगाच निरवानिरव करणं, पिणं एकदम वाढणं यातलं काही दिसलं तर थेट विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात शेतीची औषधं असतील तर आजच दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, गोळ्यांचं पाकीट तुमच्याकडे ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तातडीला ११२.

कोर्टाच्या तारखेच्या आधीचा आठवडा आणि श्रावण, दोन्ही वेळा त्रास उसळेल. उपचार वाया गेले असं तेव्हा समजू नका. तारखा थेरपिस्टला आधीच कळवा. अपघाताचे काही क्षण त्यांना आठवत नसतील तर वकिलांनाही तसं सांगा. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच सांगायचं, अंदाजानं भरायचं नाही.

ते बिनपगारी रजेवर असतील तर ती वाढवत नेऊ नका. घरी बसणं हेही टाळणंच होतं. मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडून डेपोत तात्पुरतं हलकं काम मागा, चौकशी खिडकी किंवा कार्यशाळा. स्टँडच्या आवाजात आठ तास बसणं ही आपोआप एक पायरी होते. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढून न टाकता समान वेतनाचं पर्यायी काम देण्याची तरतूद २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. ती त्यांना लागू होते का हे युनियनच्या माणसाकडून बघून घ्या. स्टेअरिंगवर परत कधी बसायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि झोपेची गोळी पूर्ण सुटेपर्यंत तर नाहीच.

पहिल्या भेटीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, एमआरआयचा रिपोर्ट आणि मागच्या पंधरा दिवसांची झोपेची नोंद न्या: कधी झोपले, किती वाजता उठले, त्या रात्री किती प्यायले होते. ही नोंद आज रात्रीपासून सुरू करा.